अंगात त्राण नसताना घर कसं चालवावं

डेंग्यू किंवा चिकनगुनियाचा ताप आठवडाभरात उतरतो. मग घरातले म्हणतात, ‘ताप गेला ना, आता बरं झालं.’ खरी अडचण बहुतेकदा तिथूनच सुरू होते. रिपोर्ट ठीक असतात, तोंडाला थोडी चवही आलेली असते. पण आंघोळ करून बाहेर आलं की पुन्हा पलंग गाठावासा वाटतो. चिकनगुनियात बऱ्याच जणांचे सांधे महिनोनमहिने धरलेले राहतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, केमोथेरपी चालू असताना, हिमोग्लोबिन खाली गेलं असताना, हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतानाही अशीच गत होते. कारणं निरनिराळी, पण समोरचं काम तेच: आंघोळ, स्वयंपाक, भांडी, कपडे, केर, बाजार.

अशा माणसाला दोनच सल्ले मिळतात. एक, ‘पडून राहा, काही करू नका.’ दुसरा, ‘उठा, हिंडाफिरा, म्हणजे ताकद येईल.’ दोन्ही देणारी माणसं मायेचीच असतात, पण कामाला बसायचं की उठायचं, आधी काय आणि नंतर काय, हे कुणीच सांगत नाही. ते नीट पाहू.

आधी थोडा हिशेब. स्वस्थ बसलेलं शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. याला एक ‘मेट’ म्हणतात. ओट्याशी उभं राहून स्वयंपाक करायला दोन ते अडीच मेट लागतात, केर-लादीला तीनच्या आसपास, हाताने कपडे धुवायला आणि सावकाश जिना चढायला चार. (शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ ‘जिना चढून जाता येतं का?’ असं विचारतात, ते या चार मेटचाच अंदाज घ्यायला.) आता एखाद्या धडधाकट बाईची कमाल क्षमता दहा मेट धरू. स्वयंपाकाला तिची पाव क्षमता पुरते. फोनवर बहिणीशी बोलत बोलत तिच्या पोळ्या लाटून होतात. आजारपणानंतर हीच क्षमता पाचवर आली, तर तोच स्वयंपाक निम्मी क्षमता घेतो आणि जिना ऐंशी टक्के. काम तेवढंच आहे, पातेलीही तीच आहेत. शरीरावरचा भार मात्र दुप्पट झाला. निम्म्याच्या वर गेलेलं काम शरीराला फार वेळ सलग रेटता येत नाही. म्हणून ‘एवढंसं तर काम आहे’ असं बाहेरच्या माणसाला वाटतं आणि करणाऱ्याला ते का झेपत नाही हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

क्षमता इतकी घसरते कशाने? आजाराने तर घसरतेच, पण अंथरुणानेही घसरते. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त उतरली. त्यांना कसलाही आजार नव्हता. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असं दिसलं, की तीन आठवडे निजून जेवढं नुकसान झालं होतं, तेवढं तीस वर्षं वय वाढूनही झालं नव्हतं. तेव्हा निव्वळ पडून राहण्याचा सल्ला बेताबेतानेच घ्यावा.

क्षमता हळूहळू वाढते, तिला आठवडे लागतात. कामाला लागणारी मेहनत मात्र आजच्या आज कमी करता येते. ऑक्युपेशनल थेरपी या शास्त्राचा मोठा भाग याच खटपटीचा आहे. भारतात त्याचं शिक्षण १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं ते जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकाराने. त्याच्या थोडं आधी, १९४०च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये लिलियन गिलब्रेथ या बाईंनी हृदयरोगी गृहिणींसाठी स्वयंपाकघराचा नमुना उभा केला होता. गिलब्रेथ कारखान्यांत कामगारांच्या हालचाली मोजून त्यातल्या फुकटच्या हालचाली काढून टाकण्यासाठी नावाजलेल्या. बारा मुलांची आई, नवरा १९२४ साली अचानक गेलेला. कारखान्याची ती नजर त्यांनी ओट्याकडे वळवली: किती पावलं पडतात, हात किती वेळा खांद्याच्या वर जातो, काय बसून होण्यासारखं आहे.

हीच नजर आपल्या घरात वापरायची. शरीराला महागात पडणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. नुसतं उभं राहिलं तरी रक्त पायांत उतरतं आणि ते वर खेचायला हृदयाला जोर लावावा लागतो. हात खांद्याच्या वर गेले की दंडाच्या छोट्या स्नायूंना गुरुत्वाविरुद्ध राबावं लागतं. तेवढ्याच कामाला पायांपेक्षा हातांनी नाडी जास्त वाढते. खाली बसून पुन्हा उठणं, म्हणजे सगळं अंग मांड्यांनी उचलणं. उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं, कामाच्या स्नायूंना कमी उरतं. जड उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो आणि रक्तदाब चढतो. शिवाय घाई.

आता सकाळपासून चालू.

उठल्यावर आंघोळ, मग देवपूजा, मग स्वयंपाक, हा आपल्याकडचा जुना क्रम. पारोशाने चुलीला हात लावायचा नाही. धडधाकट माणसाला हे ठीक. पण यात तीन दमवणारी कामं एकापाठोपाठ एक, रिकाम्या पोटी, आणि चिकनगुनियाच्या रुग्णाचे सांधे सर्वांत ताठ असतात त्या वेळी येतात. माझ्या मते मोडायची पहिली गोष्ट हा क्रम. हातपाय-तोंड धुऊन चहा-नाश्ता करावा, पडावं, आणि आंघोळ दहा-अकराला करावी. नाहीतर आदल्या रात्रीच आटोपावी. रात्रीची आंघोळ बऱ्याच जणांना जास्त मानवते, कारण ती झाली की झोपायचंच असतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे रुचलं नाही, तर डॉक्टरांचं नाव सांगावं. त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही.

न्हाणीघरात एक पक्कं, रबरी बुडांचं स्टूल ठेवावं, साधारण खुर्चीच्या उंचीचं. पाटावर बसून आंघोळ करणं सोपं वाटतं, पण पाटावरून उठताना ओल्या फरशीवर गुडघ्यांची परीक्षा होते. बादलीसाठीही दुसरं बुटकं स्टूल किंवा उलटा टब घेतला, की तांब्या भरायला वाकावं लागत नाही. पंधरा लिटरची बादली पंधरा किलोंची होते, तेव्हा गरम पाण्याची बादली गॅसपासून न्हाणीघरापर्यंत वाहून नेणं या काळात बंदच. पाणी कोमट असावं. कढत पाण्याने सांध्यांना बरं वाटतं, पण कातडीच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. केस धुणं म्हणजे हात डोक्यावर ठेवून चाललेलं काम. त्याला वेगळा दिवस द्यावा किंवा कुणाकडून धुऊन घ्यावेत. अंग पुसण्याची मेहनतही कमी नाही. मोठा टॉवेल किंवा जुनी सुती चादर पांघरून पलंगावर पाच मिनिटं बसलं, की अंग आपोआप कोरडं होतं. कपडे बसूनच घालावेत, दुखऱ्या बाजूची बाही आधी. देव्हारा जमिनीलगत असेल, तर काही दिवस देव टेबलावर आणून खुर्चीत बसून पूजा करावी.

स्वयंपाकघरात जास्त वेळ थांबू, कारण वाचवण्यासारखं सर्वांत जास्त तिथेच आहे.

ओट्याशी उभं राहायचं ते फक्त गॅस पेटलेला असताना, असा नेम धरला तरी उभं राहण्याचा बराचसा वेळ वाचतो. निवडणं, चिरणं, सोलणं, कणीक मळणं, वाटण काढणं, ही सगळी कामं जेवणाच्या टेबलाशी बसून होतात. ओट्याशी साधी खुर्ची ओढून घेऊ नये. ओटा उंच, खुर्ची बुटकी, मग खांदे कानांपर्यंत वर येतात आणि मान धरते. टेबल नसेल, तर पलंगावर बसून पुढ्यात चौरंग घ्यावा. विळी घेऊन जमिनीवर बसायची सवय असेल, तर बसायला हरकत नाही, बसल्यावर मेहनत फारशी पडतच नाही. पडते ती उठायला. म्हणून भाजी, विळी, ताट, पाण्याचं भांडं, कचऱ्याचं वर्तमानपत्र, सगळं आधी भोवती मांडून एकदाच बसायचं आणि एकदाच उठायचं. गुडघे धरले असतील, तर जमीन काही दिवस विसरलेली बरी.

मग फडताळ. रोजची भांडी, डबे आणि मसाल्याचा डबा कमरेपासून खांद्यापर्यंतच्या टप्प्यात आणायचे. दोन पातेली, एक कढई, तवा, कुकर एवढं कायम बाहेर राहू द्यावं. ओटा पसरट दिसला तरी दिसू द्यावा. खालच्या खणातला पाच लिटरचा कुकर रोज काढणं-ठेवणं म्हणजे रोजचं वजन उचलणं. भरलेलं भांडं उचलण्याऐवजी ओट्यावरून सरकवत न्यावं. कुकर गॅसवर ठेवून मग त्यात पेल्याने पाणी घालावं, आणि झाल्यावर वाढायचंही त्यातूनच. पाहुण्यांपुढे कुकर आणला म्हणून कुणाचं बिघडत नाही.

कुकर हा या दिवसांतला सर्वांत मोठा मदतनीस. वरण, भात आणि बटाटे किंवा दुधी एकाच वेळी तीन डब्यांत लावले, की शिट्ट्या होईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं आडवं होता येतं. ती मिनिटं केर काढण्यात घालवली, तर कुकर लावून काय मिळवलं?

पोळ्या आणि भाकरी वेगळ्या काढल्या पाहिजेत. भाकरी थापायला दंडाचा जोर लागतो, शिवाय तोंडावर आच; ताकद कमी असताना सर्वांत आधी सोडायची ती भाकरी, आणि सर्वांत उशिरा परत धरायची तीही. पोळ्यांसाठी कणीक दोन दिवसांची एकदम मळून फ्रिजमध्ये ठेवता येते. पण मुंबई-पुण्यात आणि आता तालुक्याच्या गावीही पोळी-भाजी केंद्रं आहेत, तिथून पोळ्या आणाव्यात हे मी सरळ सुचवेन. यात कमीपणा वाटून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या घरातल्या पुरुषांना मात्र बाहेरची पोळी खाताना काही वाटत नाही.

उरलेल्या जेवणाची सोय मराठी स्वयंपाकघरात पिढ्यानपिढ्या आहे. मुगाची खिचडी, मेतकूट-भात, दहीपोहे, भाजणीचं धिरडं, सातूचं पीठ, कोकणात पेज. एकच जपावं. गुरगुट्या भात आणि पेज पचायला हलके, पण झिजलेला स्नायू पुन्हा भरायला प्रथिनं लागतात. पेजेबरोबर अंडं किंवा मासा, भातावर घट्ट वरण, धिरड्याबरोबर दही, असं काहीतरी दर जेवणात हवं. ‘आज काय करायचं?’ या प्रश्नानेही डोकं शिणतं, विशेषतः तापानंतर काही सुचेनासं झालेलं असताना. आठवड्याचे सात दिवस ठरवून कागद फ्रिजवर लावला, की तो प्रश्न संपतो आणि घरातलं दुसरं कुणीही कुकर लावू शकतं.

भांडी लगेच घासू नयेत. पाणी घालून ठेवावीत आणि दुपारच्या झोपेनंतर घासावीत. घासलेली भांडी पुसून लावायची गरज नाही. ती जाळीत निथळतात आणि रात्री तिथूनच वापरायला घेता येतात.

कपड्यांबद्दल थोडक्यात. मशीन असेल, तर रोज थोडे लावावेत. ओली चादर फार जड होते, ती दुसऱ्या कुणावर सोपवावी. छताला पुलीवर टांगलेल्या काठ्या पूर्ण खाली घेऊन कपडे घालावेत आणि मग दोरी ओढून वर न्याव्यात. वर हात करून एकेक कपडा घालणं हे घरातल्या सर्वांत दमवणाऱ्या कामांपैकी एक. त्याहून बरा जमिनीवरचा घडीचा स्टँड, ज्याच्यापुढे खुर्ची घेऊन बसता येतं. इस्त्री बाहेर द्यावी.

केर लांब दांड्याच्या झाडूने, लादी लांब दांड्याच्या पोछ्याने, आणि रोज एकच खोली. उकिडवं बसून सरकत लादी पुसण्याला आपल्याकडे व्यायाम म्हणून बरीच प्रतिष्ठा आहे, पण व्यायाम म्हणजे शरीराला जास्त मेहनत, आणि आपण नेमकं उलट करायला बसलोय. बाजारात एका हातात मोठी पिशवी घेण्यापेक्षा दोन हातांत दोन लहान घ्याव्यात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल, तर दिवसाचं सगळं बाहेरचं काम एका फेरीत बसवावं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबायचं, दम लागण्याची वाट पाहायची नाही.

हे दम लागायच्या आधी थांबणं सर्वांत कठीण जातं, पण त्याचं कारण शरीरात आहे. स्नायूत तातडीच्या इंधनाचा छोटा साठा असतो. थोडं वापरून थांबलं, तर तो काही मिनिटांत भरून येतो. पार दमेपर्यंत ओढलं, तर मात्र सावरायला तास लागतात, कधी दिवस. म्हणून दहा मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती असं केलं, की सलग अर्धा तास राबून उरलेली दुपार आडवं पडण्यापेक्षा दिवसाचं काम जास्त होतं. विश्रांती म्हणजे पाठ टेकून, पाय वर घेऊन, मोबाइल बाजूला ठेवून. काम बेताचं चाललंय का हे ओळखायला सोपी खूण आहे: करता करता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर बसावं.

सर्वांत जपायचा दिवस म्हणजे ‘आज बरं वाटतंय’ तो. त्या दिवशी माणूस पंधरवड्याची साठलेली कामं काढतो आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. मग पुन्हा बरा दिवस, पुन्हा तेच. बऱ्या दिवशी ठरलेल्यापेक्षा थोडंसंच जास्त करावं, आणि वाईट दिवशीही थोडं काहीतरी करावंच. बहुतेकांची ताकद अशाने आठवड्यागणिक वाढत जाते. पण काही जणांत वेगळं घडतं: थोड्याशा श्रमाने त्या वेळी काही होत नाही, आणि बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी ताप आल्यासारखं वाटणं, डोकं सुन्न होणं, अंग ठणकणं असा कोसळवणारा थकवा येतो. कोविडनंतर रेंगाळलेल्या थकव्यात आणि एमई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घ आजारात हे दिसतं. अशांना रोज थोडं वाढवत न्या हा सल्ला बाधतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली एमईच्या मार्गदर्शनातून टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार वगळला तो यासाठीच. अशा रुग्णांनी आपली मर्यादा शोधून तिच्या आतच राहायचं असतं.

मग भेटायला येणारी माणसं. आजाऱ्याला भेटायला जाणं ही आपल्याकडची रीत आहे आणि ती चांगलीच आहे, पण तासभर बसून बोलणं, उठून चहा टाकणं, आणि ‘कसं झालं हो?’ची तीच हकिगत पुन्हा सांगणं हेही काम आहे. आंघोळीनंतरचा तास आणि दुपारची झोप यांत कुणालाही बोलावू नये. कुणी ‘काही लागलं तर सांगा’ म्हणालं, की लगेच सांगावं, आणि नेमकं सांगावं: येताना अर्धा किलो निवडलेली मेथी आणा, तेवढा सिलिंडर बदलून द्या, वरच्या माळ्यावरून हलकी गादी काढून द्या. मोघम विचारणाऱ्याला मोघम उत्तर दिलं, तर तो चहा पिऊन जातो.

थकवा एकट्या आजारपणावर ढकलण्याआधी रक्त मात्र तपासून घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तापाआधीच अर्ध्याहून जास्त जणींच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन कमी होतं. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत ते १२ ग्रॅमच्या खाली असेल, तर उपचार लागतो, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतली, तर अंगी फारशी लागत नाही. हिमोग्लोबिनबरोबर थायरॉइड, साखर आणि बी-१२ हेही पाहावं. संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, झोपल्यावर दम लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा छातीत दुखत असेल, तर कामाची मांडणी बदलत बसू नये. आधी डॉक्टर गाठावा.

बाकीच्यांनी कामं परत घेताना आठवड्याला एकच घ्यावं. आधी बसून होणारी, मग ओट्याशी उभं राहून होणारी, मग केर-लादी, मग बाजार आणि जिना. मधल्या काळात दिवसातून दोन-तीनदा खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून बसावं. मांड्यांत जोर परत आणायला त्याची मदत होते. दिवाळी तोंडावर असली, तरी माळा झाडणं, पंखे पुसणं आणि पडदे उतरवणं ही हात वर करून करायची कामं यंदा यादीतून काढावीत, आणि फराळात चकलीचा सोऱ्या दाबायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बसवावं.